तारांवर टेकलेला तळहात

बीडच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा माझी इलेक्ट्रिक गिटार गोधडीत गुंडाळलेली होती. गावाकडच्या एकाने विचारलंच, "हे काय हाय, सरपंच?"

"सतार हाय. पोरगी भजनाला साथ करती," पप्पा म्हणाले.

त्याने गोधडीला हात जोडले. पप्पा माझ्यासाठी पहिल्यांदाच खोटं बोलले होते. मला ते आवडलं आणि टोचलंही.

गावी, दिंद्रुडला, माझी खोली पप्पांच्या बैठकीला लागून होती. बैठकीत सकाळपासून माणसं: कुणाचा बांधाचा वाद, कुणाची विजेची डीपी जळालेली. पप्पांची अट एकच होती: "वाजव, पर बैठकीत आयकू नाही आलं पायजे." म्हणून गिटारचा आवाज वाढवणारा अँप नाही. मेटल संगीतात उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून सूर दाबतात, मग नुसतं जग-जगजग वाजतं, शेळ्या पळाव्यात तसं. ज्या व्हिडिओंवरून मी शिकले त्यांत ते तंत्र होतं. आमच्याकडे तो घरचा नियम झाला. मनगट भरून येईपर्यंत मी खाली, खाली, खाली मारत राहायचे. पलीकडे कुणालाच कधी कळलं नाही.

आता पुण्यात ऑफिस आहे, फ्लॅट आहे, शनिवारी बँडची प्रॅक्टिस. जाड दारांच्या त्या खोलीत कितीही मोठ्याने वाजवता येतं. ड्रमर ऋचा ओरडते, "अगं, कोरसला हात उचल ना! कॉर्ड पूर्ण वाजू दे!" मी उचलते. कॉर्ड खोलीभर पसरते, माझी नजर दाराकडे जाते आणि तळहात परत तारांवर. परवा ती शांतपणे म्हणाली, "शोपर्यंत नाही जमलं तर दुसरं कुणी बघावं लागेल." ती चिडली असती तर बरं झालं असतं.

रविवारी पप्पांचा फोन आला. "तिथं कोण हाय आयकायला? वाजव मोठ्यानं, मला आयकू दे."

मी अँप लावला, फोन समोर ठेवला. पूर्ण कोरस वाजवला. हात तारांवरून उचललाच गेला नाही.

"लई बारीक येतंय गं. रेंज न्हाई का?"

"हो पप्पा, रेंज नाही."

स्टँडवरच्या त्यांच्या खोट्याची ही परतफेड म्हणायची. गाव सोडून दोन वर्षं झाली. बैठक मात्र माझ्या प्रत्येक खोलीला लागूनच आहे. घर म्हणजे आता एवढंच: तळहाताच्या कडेवर उमटलेले तारांचे सहा वळ. येत्या शनिवारी तोच हात घेऊन मला प्रॅक्टिसच्या त्या खोलीत जायचं आहे.