पाणी नव्हतं, असं लिहायला लावणाऱ्या शैला मॅडम

शेवंता तापानं मेली नव्हती.
रजिस्टरमध्ये 'ताप' असं मीच लिहिलं होतं.

आज सकाळी नांदेडला शैला मॅडम गेल्या. आम्हा नर्सच्या डॉक्टर मॅडम. फोन ठेवल्यापासून घरात नुसत्या येरझारा घालून राहिले. म्हणून इथं लिहिते.

लातूर जिल्हा नवानवा झाला होता. आणि दुष्काळ.
चाकूरच्या पुढं एका खेड्यात मी नर्स. वय बावीस.
टँकर आला की अख्खं गाव विहिरीवर. उपकेंद्रात घागरभर पाणी, तेही शेजारणीनं दिलेलं.
तेवढ्या पाण्यात शेवंताचं बाळंतपण केलं. पोरगी झाली.
सहाव्या दिवशी शेवंता गेली.

मॅडम जीपनं आल्या. रजिस्टर वाचलं.
"हात कशानं धुतलेस?"
मी रजिस्टर मिटायला गेले.
"विचारून राहिले मी. कशानं?"
"पाणी संपलं होतं मॅडम. फडक्याला पुसले."
मी रडायला लागले. त्यांनी समजूत घातली नाही. पेन हातात दिलं.
"ताप खोड. जे झालं ते लिही. खाली मी पण सही करते."

जिल्ह्याच्या मीटिंगला मला सोबत नेलं. एक साहेब म्हणाले, "बाई, जिल्हा नवा आहे. पाण्याविना बाळंतीण मेली, असा कागद वर कसा पाठवायचा? ताप राहू द्या."

मॅडम उभ्या राहिल्या.
"छावणीतल्या जनावरांना रोज टँकर जातो. जायलाच पाहिजे. पण बाळंतिणीची खोली तुमच्या यादीतच न्हाई. यादी करणाऱ्यात एक तरी बाई हाय का?"

काही जण हसले. मॅडम बसल्याच नाहीत.

कागद आम्ही लिहिला तसाच वर गेला. उपकेंद्रांना पाण्याचे ड्रम आले. आणि मॅडमची बदली झाली, थेट हिमायतनगरला.
पुढं त्या लई मोठ्या पदावर गेल्या. जिथं गेल्या तिथं पाण्याच्या, औषधांच्या कमिटीत बाया बसवल्या. भांडून.

मला काहीच शिक्षा झाली नाही. ते अजून टोचतं.
शेवंताची पोरगी लोह्याला दिलीय. बाजारात भेटली की "मावशी" म्हणून हात धरते. मी काहीतरी कारण काढून निघते.

गेल्या महिन्यात मॅडमना भेटले. बोलताना धाप लागत होती. तरी म्हणाल्या, "आताच्या नर्स पोरी क्वार्टरला एकट्या राहतात. दाराला आतून कडी हाय का?"
"असंल की मॅडम."
"असंल म्हणजे? बघून ये."

काल तीन क्वार्टर बघितले. दोन दारांना कडी न्हाई. एक पोरगी दाराला कॉट लावून झोपते.
सकाळी हेच सांगायला फोन केला. मॅडमच्या भाचीनं उचलला.

मॅडम, कड्यांसाठी अर्ज लिहिलाय. पोरींच्या सह्या कालच घेतल्यात. आधी तुम्हाला बघायला नांदेडला येते. सोमवारी अर्ज घेऊन ऑफिसला जाते. पोच घेतल्याशिवाय उठणार न्हाई.

या आता, मॅडम.
तुमच्या हाताखालच्या एका नर्सचा शेवटचा नमस्कार.