घाडींनी लावलेला कौल

मानपाड्याचे रवींद्र घाडी रंगाच्या कारखान्यातल्या लॅबमधून निवृत्त झाले आणि देवाच्या मागे लागले. म्हणजे उलट अर्थाने. ठाण्यापासून खडवलीपर्यंतच्या शाळांत जाऊन ते चमत्कारांमागचं विज्ञान दाखवतात. जिभेवर कापूर जाळतात, लिंबातून रक्त काढतात आणि शेवटी कौल लावतात.

हा शेवटचा प्रयोग घरचाच. तळकोकणात गावच्या देवाला गाऱ्हाणं घालायचा आणि कौल लावायचा मान घाडींचा. देवाच्या अंगावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि बसून राहायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. रवींद्रनी सायन्सला जावं का, यावर वडिलांनी लावलेला कौल डावा पडला होता. तरी ते गेले आणि पास झाले. देवाविरुद्धचा हा पहिला पुरावा ते अजून सांगतात. मार्क मात्र सांगत नाहीत.

शाळेत ते टेबलामागे उभे राहतात. टेबलावर मुलांकडे तोंड केलेला दगडी देव. "जिला पाणी कमी, ती लवकर सुकते आणि आधी सुटते. बोला, कुठली पाडू?" मुलं उजवी म्हणतात आणि उजवी पडते.

घरात मात्र देव्हारा आहे. तो शेवंतीआक्कांचा. यजमान गेल्यावर ही मोठी बहीण कल्याणहून भावाकडे राहायला आली, ती देवीचा पितळी मुखवटा पिशवीत घेऊनच. तेव्हा रवींद्रच्या पत्नीने, मायाताईंनी, एक करार घडवून आणला. भावाने देव्हाऱ्यासमोर भाषण द्यायचं नाही, बहिणीने त्याच्या कपाळाला अंगारा लावायचा नाही. करार दोन्ही बाजूंनी जमेल तसा मोडला जाई.

यंदा आक्कांच्या हृदयाची एक झडप बदलायची वेळ आली. जिना चढताना त्या मधेच बसू लागल्या होत्या. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन लांबवलंत तर हृदय वाट बघणार नाही तुमची. आक्का म्हणाल्या, आधी कौल.

"आक्का, झडप बिघडलीय. देवाला विचारून ती दुरुस्त होते का?"

"दुरुस्त डॉक्टरच करणार. मी परवानगी विचारतेय. तू ऑफिसात रजा विचारायचास ना?"

मग गावातल्या चुलतभावाला, भिवाला, व्हिडिओ कॉल लावला. भिवाने देवळात पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि मोबाईल देवासमोर धरला. ऐन वेळी चित्र गोठलं. हललं तेव्हा दोन्ही पाकळ्या खाली.

"आधी कुठची पडली रे?" आक्कांनी विचारलं.

"ता काय म्हायत नाय गो. मी मोबाईलात बघी होतंय."

एकाच प्रश्नासाठी देवाला पुन्हा लगेच तसदी द्यायची नाही, असं भिवाचं मत पडलं. "रवी घाडीच ना? तुमच्या देवीसमोर त्याकाच लावूक सांग."

रवींद्र तयार झाले, यानेच खरं म्हणजे आक्कांना संशय यायला हवा होता. त्यांनी आंघोळ केली, देव्हाऱ्यासमोर मांडी घातली, पाकळ्या भिजवल्या आणि मुखवट्याच्या दोन बाजूंना चिकटवताना उजव्या पाकळीचं पाणी बोटाने हळूच निपटून घेतलं. इतकी वर्षं ज्या लबाडीवर व्याख्यानं दिली, ती इतकी सफाईने करता येते याचं त्यांना जरा वाईटच वाटलं. आक्कांनी प्रश्न विचारला आणि ते बसून राहिले. मायाताई पंखा लावायला उठल्या, त्यांना खुणेनेच बसवलं.

पाकळी सुटली. ठरल्याप्रमाणे, उजवी.

"डावा," आक्का म्हणाल्या. आवाज अगदी शांत.

"उजवा आहे आक्का. ही बघ, माझ्या उजव्या हाताला."

"तुझ्या. देवीची ती डावी. तिच्या अंगानं बघायचं असतं. तुका ह्यां पण म्हायत नाय? घाडी ना रे तू?"

शाळेत ते देवाच्या मागे उभे असत. देवाचा उजवा तोच त्यांचा उजवा. देवासमोर बसायची पाळी इतक्या वर्षांत आली नव्हती.

आक्का उठायला लागल्या. "राहू दे ऑपरेशन. नाही म्हणतेय ती."

"बस खाली," रवींद्र म्हणाले. "ती काही म्हणत नाहीये. त्या पाकळीचं पाणी मी काढलं होतं."

"अहो," मायाताई एवढंच म्हणाल्या.

आक्का पुन्हा खाली बसल्या. "म्हणजे देवीला फसवत होतास?"

"देवीला कशाला? तुला."

"आणि तेही जमलं नाही."

"नाही जमलं."

आक्कांना हसू आलं, आणि हसल्यावर एवढी धाप लागली की मायाताईंना पाणी आणावं लागलं. दम खाऊन त्या म्हणाल्या, "खोट असलेला कौल धरायचा नसतो. शास्त्र आहे तसं."

"मग आता?"

"आता काय. तुझ्यासारख्या माणसानं खोटा कौल लावला, म्हणजे दुखणं खरंच मोठं असणार. करू ऑपरेशन. पण मला आत नेतील तेव्हा बाहेर तू गाऱ्हाणं घालायचं."

"मी मानत नाही, आक्का."

"तू कुठे मान म्हणते? तू नुसतं घाल. मानायचं मी बघते."

ठाण्याच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरबाहेर खुर्च्यांची रांग होती आणि दाराशी एक वॉचमन. आक्कांना आत नेलं. रवींद्रनी इकडे तिकडे बघितलं, मायाताईंना थोडं पलीकडे बसायला सांगितलं आणि खाली मान घालून सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेक तुझ्या पायाशी इली आसा..."

शब्द आठवावे लागले नाहीत. वडील जिथे श्वास घ्यायचे, तिथेच तेही थांबून श्वास घेत होते.

"...जा काय चुकला माकला आसात, ता माझ्या पदरात घाल, आणि तिका सुखरूप भायर काढ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," दारातून आवाज आला. वॉचमन टोपी काढून उभा होता. तो कणकवलीकडचा निघाला.

दुसऱ्या दिवशी आक्कांना बोलता येऊ लागलं. पहिला प्रश्न भावाला.

"घातलंस?"

"घातलं."

"मोठ्यांदा?"

"वॉचमनला ऐकू गेलं, एवढं."

"मग झालं," आक्का म्हणाल्या आणि डोळे मिटले. रवींद्र त्यांना नवी झडप कशी उघडते आणि मिटते ते समजावून सांगू लागले. अर्ध्यावर मायाताईंनी त्यांच्या दंडाला हात लावला. आक्का झोपल्या होत्या.