एगॉन पाश्केची दुपारची शांतता

एगॉन पाश्के आमच्या कॅम्पचा रखवालदार. त्याला स्वतःला 'व्यवस्थापक' म्हणवून घ्यायला आवडायचं. व्यवस्था काय, तर सकाळी संडास धुवायचे, कचऱ्याचे डबे रिकामे करायचे, गवत कापायचं, आणि उरलेला दिवस खुणा केलेली काठी घेऊन लोकांची कुंपणं मोजत हिंडायचं. खुणेच्या वर गेलेली एखादी फांदी दिसली की त्याचा चेहरा उजळायचा.

धरणाच्या पाण्याकाठी, बीच नावाच्या झाडांच्या जंगलाला लागून हा कॅम्प आहे. लोक इथे निसर्गात राहायला येतात आणि आल्या आल्या निसर्गाला कात्री लावतात. आमच्या कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायची घरं, वर्षानुवर्षं जागच्या हललेल्या नाहीत. चाकांपुढे फुलझाडांचे वाफे आहेत. प्रत्येकीच्या दारापुढे मोठा कापडी तंबू, आणि तंबूत गालिचा, पडदे, काचेचं कपाट, टीव्ही. शहरातल्या घराला कंटाळून आलेली माणसं इथे तेच घर पुन्हा उभं करतात, फक्त भिंती कापडाच्या.

एगॉनला मात्र शहरात घर उरलं नव्हतं. बायको सोडून गेली, पाठोपाठ फ्लॅट गेला. रखवालदाराला कॅम्पवरची जागा फुकट मिळते, म्हणून तो बारा महिने इथेच राहायचा. काम गेलं तर हेर्न गावात बहिणीच्या बैठकीच्या खोलीतला सोफा, आणि सोबतीला बहीण. त्या सोफ्याची त्याला इतकी धास्ती होती की तो बहिणीचा विषय निघाला तरी काठी घेऊन उठायचा.

आणि काम दरवर्षी जाऊ शकत होतं, कारण रखवालदार कॅम्पचे सभासद निवडतात. ऑगस्टमधल्या एका शनिवारी संध्याकाळी शेगडीच्या छपराखाली सभा भरते, सॉसेज भाजतात, हात वर होतात. आजवर एगॉनसमोर कोणी उभं राहिलं नव्हतं. यंदा शेजारची वाल्ट्राउट केसेल उभी राहिली. टपाल खात्यातून निवृत्त झालेली ही बाई. पत्ता चुकलेल्या माणसाकडे पाहावं तशी सगळ्यांकडे पाहायची.

तिचं म्हणणं एकच होतं: एगॉन ढिला पडलाय. हा आरोप त्याला फार लागला. दुपारी एक ते तीन आमच्याकडे शांतता असते. फाटकाचा दांडा खाली, गाडी हलवायची नाही, गवत कापायचं नाही, ठोकाठोक तर नाहीच. त्या दोन तासांत एगॉन मोजे घालून फिरायचा, स्वतःच्या पावलांचाही आवाज नको म्हणून. जूनमध्ये एका डच कुटुंबाने दोन वाजता तंबूची एक खुंटी ठोकली, तर त्याने त्यांना पोरांसकट बाहेर काढलं. याला ढिलेपणा म्हणणारी बाई आमच्याच कॅम्पवर सापडायची.

सभेच्या दिवशी आपली जागा आरशासारखी दिसावी, म्हणून एगॉनने सकाळी एक खुळेपणा केला. तंबूच्या कडेखालचं गवत नीट कापता यावं म्हणून त्याने पाण्याच्या बाजूच्या सगळ्या खुंट्या उपटल्या. गुडघ्यांवर बसून कात्रीने गवताची पाती एकेक करून सारखी केली. गवत झालं, आणि एक वाजला. खुंट्या ठोकायच्या राहिल्या. ऊन कडक होतं, वारा नव्हता. तीननंतर ठोकू म्हणाला.

दोनच्या सुमारास धरणापलीकडचं आभाळ काळवंडलं. पाण्यावर आधी एक बारीक शहारा आला, मग बीचची पानं उलटी होऊन पांढरी दिसू लागली. एगॉनच्या तंबूची मोकळी बाजू श्वास घेतल्यासारखी फुगली.

मी सुट्टीत कॅम्पवरची पावाची टपरी सांभाळायचे. तिथून धावत गेले, तर एगॉन आत मधला खांब कवटाळून उभा. हातोडा पायाशीच पडलेला.

"पाश्के, ठोकून घ्या ना," मी म्हणाले.

"हळू बोल," तो म्हणाला. "शांतता आहे."

माझी आई मागून आली. "अहो, दोन मिनिटांचं काम आहे. वादळ येतंय, दिसतंय ना?"

"दिसतंय. डच लोकांनाही काहीतरी दिसलंच असेल."

कुंपणापलीकडे वाल्ट्राउट आरामखुर्चीत बसून होती. तिचा तंबू चारी बाजूंनी ताणलेला. "एगॉन," ती गोड आवाजात म्हणाली, "ठोक बाबा. मला काही ऐकू आलं नाही असं समज."

"तुला ऐकू येतं, वाल्ट्राउट. मागच्या वर्षी माझं शिंकणं ऐकू आलं होतं तुला."

"ती शिंक नव्हती रे. तो प्रकार वेगळा होता."

तो खुंट्या टाचेने दाबून पाहू लागला. ऑगस्टची जमीन विटेसारखी. खुंटी वाकली, आत गेली नाही. आई म्हणाली, हातोड्याला टॉवेल गुंडाळा. एगॉनने खरंच विचार केला, डोळे मिटून केला. "नियमात ठोकणं म्हटलंय," तो म्हणाला. "आवाजाचं वेगळं कलम आहे."

मग बिअरच्या क्रेट आणायचं ठरलं. चार गलेलठ्ठ पुरुष चवड्यांवर चालत, बाटल्या किणकिणू नयेत म्हणून श्वास रोखून, क्रेट वाहत होते. त्यांच्या डोक्यावर आभाळ गुरगुरत होतं, आणि आभाळाला कोणी काही म्हणत नव्हतं. कनातीच्या कडेवर क्रेट ठेवून ते तसेच चवड्यांवर परत गेले, आपापल्या तंबूपाशी हात बांधून उभे राहिले आणि घड्याळाकडे पाहू लागले.

पावणेतीनला पहिला मोठा झोत आला. तंबू क्रेट झटकून उठला, खांब एगॉनच्या मिठीतून सुटला, आणि ते सगळं पट्टेदार कापड कुंपणावरून पाण्याकडे गेलं. काचेचं कपाट आडवं झालं. बशा, पेले, टीव्ही. फुटणं बराच वेळ चालू राहिलं.

मग पाऊस. गालिच्यावर उभा एगॉन, डोक्यावर काही नाही.

वाल्ट्राउट छत्री घेऊन कुंपणाशी आली. "वाईट झालं रे," ती म्हणाली. "पण हा आवाज मला सभेत मांडावा लागेल."

"मांड," एगॉन म्हणाला. "मांडायलाच हवा."

संध्याकाळी तिने मांडला. वादळ ओसरलं होतं. जंगलातून ओल्या सालींचा वास येत होता, आणि छपराखाली तीस-चाळीस शहाणी माणसं सॉसेजला मोहरी लावत या प्रश्नावर बोलत होती की वाऱ्याने केलेला आवाज जागेच्या मालकाचा धरायचा की वाऱ्याचा. आमच्याच माणसांत वाढले, तरी त्या दिवशी त्यांच्या बाकावर बसवेना.

शेवटी वाल्ट्राउटने विचारलं, "दुसऱ्या कोणाचा तंबू असा उडाला असता, तर तू काय केलं असतंस?"

एगॉन उभा राहिला. अंगावर कोणाचा तरी उसना स्वेटर, बाह्या आखूड. सोफा त्याच्या डोळ्यांपुढे असणारच. तो म्हणाला, "ताकीद दिली असती. खुंट्या शांततेआधी ठोकायला हव्या होत्या."

लोकांनी हातातली सॉसेज खाली ठेवली. मग टाळ्या सुरू झाल्या. घर उडत असताना ज्याने हातोड्याला हात लावला नाही, असा रखवालदार दुसरा कुठे मिळणार, असं एकाने म्हटलं आणि इतरांनी ते एकमेकांना पुन्हा सांगितलं. हात वर झाले. वाल्ट्राउटनेही केला, आणि तोही सर्वांत उंच.

नंतर सगळे बाटल्या घेऊन काठावर गेले. तंबू पाण्यात मधोमध तरंगत होता, पट्टे अजून ओळखू येत होते. आमच्याकडे मोटार लावलेली होडी आहे. आई म्हणाली, "आत्ता गेलं तर निघेल. रात्रीत बुडेल तो."

एगॉनने पाण्याकडे पाहिलं, मग आपल्या माणसांकडे. एवढी माणसं त्याच्याकडे इतक्या कौतुकाने आयुष्यात प्रथमच पाहत होती.

"शनिवारी सातनंतर होडीची मोटार सुरू करत नाहीत," तो म्हणाला.

माना डोलल्या. कोणीतरी त्याच्या हातात बिअर दिली, आणि सगळ्यांनी मिळून ते कापड बुडताना पाहिलं.