फुकट कामाचा व्हिसा

आमच्या संस्थेचं ऑफिस हिंगोलीत एसटी डेपोच्या मागं होतं. दोन खोल्या, एक फोन, आणि दिवसभर चहा. समाजसेवा करणाऱ्यांकडे दुसरं काही साठो न साठो, किस्से भरपूर साठतात. त्यातले निम्मे मोठ्यानं सांगता येत नाहीत. उरलेल्यांतले बहुतेक एकट्या गुलाब राठोडच्या व्हिसाचे आहेत!

गुलाब वारंगा फाट्याजवळच्या तांड्यावरचा. अठ्ठावीस-तीसचा, बिनलग्नाचा. संस्थेच्या सायकलवर गावोगाव फिरायचा आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे बघायचा. कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाच्या पाठीच्या जखमा धुवायच्या. एकदा एका लकवा झालेल्या आजोबांना उचलताना दोघंही पडले. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच, हे नीट शिकायचं.

इंग्लंडमधल्या एका वृद्धाश्रमाशी आमचा पत्रव्यवहार होता; तो मी सांभाळायचो, सगळे मला मास्तर म्हणत. त्यांनी कळवलं, एक माणूस सहा महिन्यांसाठी पाठवा. राहणं, खाणं, तिकीट आमचं. काम सेवेचं, पगार नाही. गुलाब त्या दिवशी चहा प्यायचाच विसरला. तेव्हा हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता, आणि आमच्याकडून इंग्लंडला चाललेला हा आमच्या माहितीतला पहिलाच माणूस!

*

पण त्याच्याआधी आमचे अध्यक्ष भाऊसाहेब तयार झाले. पांढरेशुभ्र कपडे, खिशाला दोन पेनं. म्हणाले, "परदेशात संस्थेचं प्रतिनिधित्व अध्यक्षानंच केलेलं बरं. फक्त विचारून घ्या, सोबत पीए चालतो का?"

मी आश्रमाच्या पत्रातली कामं वाचून दाखवली. सकाळी म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं, कपडे बदलणं, घास भरवणं, रात्रपाळीत कूस बदलून देणं.

भाऊसाहेबांचा चेहरा पडला. "हे सगळं स्वतः करायचं?"

"हो."

"अहो, मी सेवा करतो. काम नाही करत!"

मग गुलाबचंच नाव नक्की झालं.

*

तांड्यावर आणि आसपास बातमी पोचली. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, "पगार किती?"

गुलाब सरळ माणूस. "पगार न्हाई. फुकट काम हाय."

यावर विश्वास कोण ठेवणार? जवळा बाजारच्या आठवडी बाजारात एकानं त्याला बाजूला घेतलं. "गुलाबराव, फुकट कामासाठी कुणी इमानाचं तिकीट काढतंय व्हय? तुमची किडनी काढून घेतील!" दुसऱ्यानं सांगितलं, लढाईवर पाठवतात. तिसरा म्हणाला, "तिथं काय माणसं संपली काय, म्हून हिंगोलीचा माणूस लागून राहिला?"

गुलाबची आई, तांड्यावर आईला याडी म्हणतात, या बोलण्यानं पार घाबरली. जेवेना. मग गुलाबनं युक्ती केली. विचारलं की म्हणायचा, "पगार हाय. पण सांगायची मनाई हाय."

लगेच सगळ्यांचं समाधान! "मग बराबर हाय. आधी सांगायचं ना!"

याडीपण जेवली.

*

पासपोर्टसाठी चौकशीला एक पोलीस जमादार तांड्यावर गेले. साध्या कपड्यात, मोटारसायकलवर. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना त्यांनी विचारलं, "गुलाब राठोड इथंच राहतो ना? पोरगं कसं हाय? दारूबिरू पितं का? कुणाशी भांडणतंटा?"

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. नवा पाहुणा, बिनलग्नाच्या पोराची चौकशी, म्हणजे अजून काय असणार! तांड्याचे नाईक पुढं झाले. "या, बसा पाहुणे. पोरगं सोनं हाय. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत न्हाई. जमीन थोडी हाय, पण पाण्याखाली हाय. आई एकटीच, सासुरवास न्हाई."

जमादार लिहून घ्यायला लागले. चहा आला, पोहे आले. मग नाईक हळूच म्हणाले, "आता तुमी बी सांगा. पोरगी शिकली किती?"

"कोणाची पोरगी?"

"तुमची!"

"माझी पोरगी?" जमादार गोंधळले. "सातवीत हाय."

नाईक ताडकन उठले. "अन् तुमी शिकलेसवरलेले असून असलं काम करता? सातवीतल्या लेकराचं लगीन? थांबा, पोलिसांलाच बोलावतो!"

चौकशीचा अहवाल मात्र उत्तम गेला.

*

आता फोटो. व्हिसाच्या अर्जावर स्पष्ट लिहिलं होतं, मागं पांढरा पडदा, चेहरा समोर, दोन्ही कान दिसले पाहिजेत. पण आमच्या स्टुडिओवाल्याला ते पटेना. "इंग्लंडला चालला अन् टाय न्हाई? आमच्या दुकानाचं नाव जाईल!" त्यानं गुलाबला दुकानातला कोट चढवला, टाय बांधला, केस पाण्यानं चापून बसवले, आणि मागं कारंज्याचा पडदा सोडला. धुऊन आलेल्या फोटोत गाल हातानं गुलाबी केलेले! त्या फोटोतला माणूस आणि आमचा गुलाब एकाच तालुक्यातले वाटत नव्हते.

मी म्हणालो, "पुन्हा काढा."

स्टुडिओवाला दुखावला. "साहेब, खऱ्या चेहऱ्यावर कुणी व्हिसा देतं व्हय?"

*

अर्ज मुंबईला जायच्या आधीच भाऊसाहेबांनी वारंगा फाट्यावर गुलाबचा सत्कार ठेवला. मी म्हणालो, "व्हिसा मिळू द्या की." ते म्हणाले, "व्हिसा केव्हाही मिळेल. माईकवाला आजच मोकळा आहे."

शाल, नारळ, भाषणं. भाऊसाहेब बोलताना रंगात आले आणि "आमचा गुलाब इंग्लंडमध्ये मोठ्या नोकरीवर निघाला आहे!" असं ठोकून दिलं. टाळ्या. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटोसह बातमी, 'राठोड नोकरीनिमित्त इंग्लंडला'. फोटोत गुलाब कोपऱ्यात अर्धा, भाऊसाहेब मधोमध पूर्ण.

हे इथंच थांबलं असतं तर ठीक. पण संस्थेचं वजन दिसावं म्हणून भाऊसाहेबांनी ते कात्रण इंग्रजी भाषांतरासकट अर्जाला जोडलं! मला न सांगता.

व्हिसा नामंजूर. कारण एका ओळीचं. अर्जदार सेवेसाठी म्हणतो, पण जोडलेल्या कागदावरून तो नोकरीसाठी येत आहे.

भाऊसाहेब म्हणाले, "पण बातमी वाचली तर त्यांनी!"

*

गुलाब सायकल काढून कामाला गेला. पण त्यानंतर त्याचं घराबाहेर पडणंच अवघड झालं. जो तो विचारी, "गेला न्हाई व्हय अजून?" हिंगोलीच्या एसटीत तो दारात उभा होता, तर कंडक्टर सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडला, "इंग्लंडवाले, पुढं सरका!"

एका संध्याकाळी तो ऑफिसात येऊन बसला. म्हणाला, "मास्तर, शाल परत देऊन टाकू का?" माझ्याच्यानं बघवेना. मी भाऊसाहेबांना न विचारता पुन्हा अर्ज केला. या वेळी कात्रण नाही, कारंजं नाही.

मुलाखतीला बोलावणं आलं. मी सोबत गेलो. काचेपलीकडे एक गोरी अधिकारी बाई, शेजारी दुभाष्या बाई. अधिकारी बाईंनी विचारलं, "पगार नसताना तुम्ही सहा महिने काम कराल, यावर आम्ही विश्वास का ठेवावा?"

गुलाब म्हणाला, "मॅडम, इथंबी त्याच पगारावर करून राहिलो."

दुभाष्या बाई हसल्या, मग भाषांतर केलं. पुढचा प्रश्न, "सेवाच करायची तर तुमच्याच जिल्ह्यात का करत नाही?"

"करतो ना. पण मी सांगितलं, म्हाताऱ्याला असं उचला, तर कुणी ऐकत न्हाई. इंग्लंडात असंच उचलतात म्हणालो, की उद्यापासून सगळा जिल्हा तसंच उचलंल!"

अधिकारी बाईंनी मान खाली घातली. हसत होत्या की लिहीत होत्या, ते आम्हाला काचेतून कळलं नाही. पण व्हिसा मिळाला.

*

गुलाब गेला. निघताना याडी रडली नाही, फक्त त्याच्या पिशवीत कांद्याची पात कोंबत राहिली.

महिन्याभरात त्याच आश्रमाकडून बदली म्हणून ज्युली नावाची एक पोरगी आमच्याकडे आली. तिचाही व्हिसा सेवेचाच. तिला काय काम द्यावं ते आम्हाला सुचेना. शेवटी मी तिला तांड्यावर नेलं, म्हटलं, गुलाबच्या आईचे गुडघे धरलेत, त्यांच्यापासूनच सुरुवात कर.

पोरगी कामाची. रोज जायची, पाणी भरायची, याडीच्या गुडघ्यांना तेल चोळायची. एका दुपारी मी दोघींच्या मधे दुभाष्या म्हणून बसलो होतो. याडीनं विचारलं, "घरी कोण कोण हाय तुझ्या?"

ज्युलीनं सांगितलं, "आई, वडील आणि आजी."

"आजी चालती-फिरती का?"

"नाही. ती त्याच आश्रमात असते."

"मग तिच्याजवळ कोण असतं, बाई?"

ज्युली खूश होऊन म्हणाली, "गुलाब! तो आजीची फार काळजी घेतो."

मी भाषांतर केलं. याडीनं पाय जवळ ओढून घेतला. थोडा वेळ तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हंजी हिच्या म्हातारीला बघायला माझं पोरगं तिकडं, अन् मला बघायला ही इकडं?"

"हो, याडी."

"अन् त्यासाठी दोन इमानं उडवली?"

ज्युलीनं मला विचारलं, "काय म्हणतात त्या?"

मी म्हणालो, "तू तेल फार छान लावतेस, असं म्हणतात."