दोन्ही गटांचा दादा

माझा भाऊ गेल्याची बातमी मला आधी फ्लेक्सने दिली, मग घरच्यांनी. साताऱ्यात सकाळचा चहा घेता घेता मोबाइल उघडला, तर कुणीतरी पलूसच्या चौकातल्या बोर्डाचा फोटो पाठवलेला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. वर ओळीने पुढारी आणि खाली कोपऱ्यात माझा रघूदादा. वहिनी बिचारी सांगलीच्या दवाखान्यात एकटी होती, तिचा फोन नंतर आला. “कुसुमताई, तुमचा दादा…” एवढंच बोलली. मी पलूसला पोचेपर्यंत चौकात दुसरा बोर्डही लागला होता. पुढारी वेगळे, दादाचा फोटो तोच. मेल्या माणसावर हक्क सांगायची केवढी ही घाई! रागाच्या भरात मी रडायचंही विसरले.

दादा कुपवाडला एका कारखान्यात लेथवर होता. रोज स्कूटरवरून जायचा-यायचा आणि उरलेला सगळा वेळ पक्षाला द्यायचा. तेव्हा आमच्या भागात त्या पक्षाला पेठेतल्या लोकांचा पक्ष म्हणत, मतदानाच्या दिवशी बूथवर बसायला माणूस मिळत नसे. देव, देश, शिस्त ही भाषा दादाला मनापासून पटायची. आई मात्र कपाळावर हात मारायची. “तुज्यापायी सोसायटीचं खत बंद व्हायचं, रघ्या!” आणि झालंही तसंच, सोसायटीवाल्यांनी त्याला दारातून परत पाठवलं. माझं सासर पहिल्यापासून विरोधी पक्षातलं. भाऊबीजेला ताटावरच आमचं वाजायचं. “ओवाळणी तुज्या पक्षाकडनं घे की,” म्हणायचा आणि पाकीट मात्र आधीच भरून ठेवलेलं असायचं.

पुढे त्याच्या पक्षाची सत्ता आली. आणि काय सांगू, ज्यांनी त्याला सोसायटीच्या दारातून परत पाठवलं होतं तेच साहेब लवाजम्यासकट पक्षात आले. पुढच्या खुर्च्या त्यांच्या, दादा मागे. यंदा जिल्हा परिषदेचं तिकीटही साहेबांच्याच माणसाला मिळालं. जुने कार्यकर्ते भडकले. त्यांनी बंडखोर उभा करायचं ठरवलं आणि पुढारपण करायला दादाला गळ घातली. “रविवारी सांगतो,” तो म्हणाला.

त्याच आठवड्यात मी त्याला भेटले. ती शेवटची भेट. सकाळी ओसरीवर नेहमीसारखी माणसं होती. कुणी द्राक्षाच्या दरावरून चिडलेला, कुणी कंत्राटी नोकरीवरून, कुणी आरक्षणावरून. सगळे त्याच्याच पक्षाचे मतदार, आणि सगळे त्याच्याच पक्षावर खवळलेले. ती उठून गेल्यावर मी म्हटलं, “दादा, सोड की एकदाचा हा पक्ष. किती अपमान गिळशील?”

“अगं कुसे, मी भाईर पडलो तर फार तर माजं दुखणं कळंल लोकास्नी. ह्या द्राक्षवाल्याचं कोण ऐकणार? बंडवाल्यास्नी तिकीट पायजे, सायबास्नी मतं पायजेत. माणूस नेमका कशानं चिडलाय, ते इचारायला येळ हाय कुणाला?”

“मग रविवारी काय सांगणार?”

“दोघास्नी हितंच, ह्या ओसरीवर बसवणार. म्हणणार, आदी दिसभर लोकांचं ऐका. मग काय ते भांडा.”

शुक्रवारी रात्री त्याच्या छातीत कळ आली, शनिवारी पहाटे तो गेला.

आमच्याकडे रक्षाविसर्जनाला स्मशानातच भाषणं होतात. साहेब उठले. “रघुनाथराव अखेरच्या श्वासापर्यंत पक्षासोबत होते.” मग बंडवाल्यांतला दादाचा जुना मित्र उठला. “रघूनं आमाला शब्द दिला व्हता…” दोघांचेही डोळे ओले. खोटे नसतील, पण मला संताप आवरेना. मी काही बोलणार, तेवढ्यात बायकांतून वहिनी उठली. चारचौघांत कधी तोंड न उघडलेली बाई! म्हणाली, “लोकं रोज येत व्हती आमच्या दारात. त्यांचं ऐकाया तुमी दोघं कवा आला व्हता?” नैवेद्याला कावळा कधी शिवला, ते कुणी पाहिलं नाही.

परवा त्याच्या पहिल्या महिन्याच्या श्राद्धाला गेले होते. प्रचार जोरात आहे, बंडखोर उभा राहिलाच आहे. दादाचा पक्ष आता कुणाचा, ते ठरेल काय ते. मला वाटलं होतं, ओसरी रिकामी असेल. तर द्राक्षवाले तिघं-चौघं बसलेले. ट्रान्सफॉर्मर जळालाय, बागेला पाणी नाही, सायबांच्या हापिसात कुणी दाद देईना. वहिनीने त्यांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन दादाचा मोबाइल घेऊन आली आणि थेट साहेबांना फोन लावला. दादा जिवंत असताना त्याचा फोन साहेबांनी कधी स्वतः उचलला नाही. ‘मीटिंगमध्ये आहेत’ हेच उत्तर यायचं. परवा मात्र पहिल्याच रिंगला उचलला. समोर दादाचं नाव उमटलं असणार ना!

“क… कोण?” साहेबांचा आवाज शेजारी बसलेल्या मलाही ऐकू आला.

“दचकू नका, सायेब. ते न्हाईत,” वहिनी म्हणाली. “पर लोकं आल्यात. त्यांचं ऐका.”

आणि तिने फोन स्पीकरवर टाकून द्राक्षवाल्यांच्या पुढ्यात ठेवला.