तीन पोरं, तीन मेडल

घरात पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या माझ्यासारख्यानं कुणाविषयी लिहावं की नाही, कळत नाही. आगाऊपणा वाटला तर माफ करा.

गेल्या वर्षी लातूरला जिल्हा स्पर्धेत मैदानावर फक्कीच्या रेघा मारणारा एक माणूस होता. वाकून, मागं सरकत तो रेघ ओढायचा आणि हात पँटला पुसायचा. शंभर मीटरच्या पहिल्याच फेरीत बाद होऊन मी त्याच्याशेजारी बसलो.

"किती जण पळालात रे?"

"साठेक."

त्यानं कोपऱ्यातल्या चौकोनाकडं बोट केलं. तिथं महागड्या पोशाखात तिघे जण कुठलासा नवा खेळ खेळत होते, आणि त्यांचे वडील गाड्यांना टेकून फोटो काढत होते. तिसरा, म्हणजे शेवटचा आलेला, सगळ्यांत ऐटीत मेडल मिरवत होता.

"तीन पोरं, तीन मेडल. हरतो म्हणलं तरी हरता येत न्हाई. वर दहावीला मार्क वाढून मिळत्यात." तो थुंकला. "माझी पोरगी नववीला हाय, लई पळती. पुढच्या साली तिचं नाव तिथंच टाकतो."

मी हसलो होतो. यंदा मित्राकडून कळलं, त्यानं खरंच नाव टाकलं. चौथा अर्ज येताच नियम निघाला, की तो महागडा पोशाख स्वतःचाच हवा. पोरगी बाद झाली. त्या चौकोनाच्या रेघा यंदाही सकाळी त्यानंच मारल्या होत्या.