मेलेला बैल पुन्हा उभा

सुरतेच्या जुन्या शहरात एका खासगी ग्रंथालयात मी सात महिने जुन्या पोथ्यांचे फोटो काढायचं काम केलं. फारसी मला वाचता येत नाही. तशी गरजही नव्हती. पान उलटायचं, काचेखाली सपाट करायचं, फोटो घ्यायचा, क्रमांक टाकायचा. तिथले वयस्क व्यवस्थापक, ज्यांना सगळे चाचा म्हणत, फारसी वाचणारे होते. माझ्याशी ते हिंदीत बोलत.

त्यातली एक पोथी प्राण्यांच्या गोष्टींची होती. सोनेरी आकाश, निळे डोंगर, माणसासारख्या भुवया असलेला सिंह, दोन कोल्हे आणि एक काळा बैल. कडा कसरीनं खाल्लेल्या, पण रंग ताजे. कुणी पाहुणा आला की चाचा सिंहाचं पान उघडून दाखवत.

त्या दिवशी मी डबा घरी विसरले. बाबांच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, वीज बंद होती, म्हणून तेच गोडादऱ्याच्या आमच्या घरून डबा घेऊन आले. सुरतेत यंत्रमाग चालवणाऱ्याला कारागीर म्हणतात; तीस वर्षं ते काम केल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं, आणि ते मोठ्यानं बोलतात. चाचांनी त्यांना खुर्ची दिली. बाबा बसले नाहीत. हात पाठीमागे बांधून माझ्या कॉम्प्युटरवरची चित्रं बघत राहिले.

"हे चुकलंय," ते म्हणाले.

"काय चुकलंय?"

"इथं सिंहानं बैल मारला. अन् म्होरल्या पानावर बैल सिंहापाशी उभा हाय. मेलेला बैल उठून उभा कसा राह्यला?"

"दुसरा असेल, बाबा."

"तोच हाय. कपाळावरचा पांढरा चांद बघ. आधी कोल्हा सिंहाचे कान भरतो, मग सिंह बैलाला मारतो. आमच्या गावात लेकराबाळांला बी ठावं हाय."

मी चाचांना हिंदीत सांगितलं. ते हसले. मग चष्मा लावून पोथीजवळ आले. पोथ्या नकलून काढणाऱ्या जुन्या लेखनिकांची एक पद्धत होती: पानाच्या तळाशी, कोपऱ्यात, पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवायचा. चाचांनी तो शब्द वाचला, पुढचं पान बघितलं, परत मागे गेले. असं दोनतीनदा झालं. शब्द जुळत नव्हता. त्याच्या पुढच्या पानाशी मात्र जुळत होता. कधीतरी पोथी नव्यानं बांधताना दोन पानांची अदलाबदल झाली होती.

चाचांनी पोथी हलकेच मिटली.

"बाईस साल से यह किताब मेरे पास है," ते म्हणाले, "सिर्फ़ तस्वीर दिखाता रहा. पूरी कभी पढ़ी नहीं."

मग त्यांनी बाबांना मोठ्यानं विचारलं, "आप कितना पढ़े हैं?"

"चौथी," बाबा म्हणाले. "पर बैल पहचानता हूँ."

चाचांनी चहा मागवला. ही गोष्ट आपल्याच मुलखातून इराणात गेली आणि चित्रं घेऊन परत आली, असं त्यांनी सांगितलं. बाबांना ते नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी फक्त मान हलवली, चहा संपवला आणि वीज आली असेल म्हणून निघाले.

मला थोडं ओशाळल्यासारखं झालं. ती दोन्ही चित्रं मी स्वतःच्या हातानं काचेखाली ठेवली होती, कडा सरळ आहेत का ते पाहिलं होतं, आणि बैल मात्र पाहिला नव्हता.

ग्रंथालयाच्या मंडळानं पोथी उसवायची नाही असं ठरवलं. बांधणी जुनी होती, कागद तुटला असता. म्हणून पोथीत बैल अजूनही आधी मरतो आणि मग उभा राहतो. फोटोंचा क्रम मी बदलला. नोंदवहीत चाचांनी दुरुस्ती लिहिली, आणि ती कुणाच्या लक्षात आली हेही लिहिलं: फोटो काढणाऱ्या मुलीचे वडील, विणकर.

मी बाबांना ते वाचून दाखवलं. "विणकर कसला," ते म्हणाले, "कारागीर लिवायचं."